रेंजवरचा पहिला दिवस: कुवेतमधला एक कंत्राटी तंत्रज्ञ

दूरदेशी_सांगलीकर

नमस्कार मंडळी,

लष्करी तळ म्हटला की डोळ्यांपुढे गणवेशातली माणसं येतात. प्रत्यक्षात तिथे स्वयंपाक करणारे, कपडे धुणारे, जनरेटर सांभाळणारे, यंत्रं दुरुस्त करणारे असे बिगरलष्करी लोक शेकड्यांनी असतात. मी त्यातलाच एक. २०१४ च्या सुमारास कुवेतच्या वायव्य कोपऱ्यात, अमेरिकी सैन्याच्या कॅम्प ब्युरिंग या तळावर मी कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून काम केलं. त्या तळाला लागूनच उदैरी रेंज, म्हणजे गोळीबाराच्या सरावाचं मैदान, आहे. रेंजवर पहिल्यांदा गेलो त्या दिवसाबद्दल मित्रांना तोंडी खूपदा सांगितलंय, आज सविस्तर लिहितो.

माझं काम रायफलवर बसणाऱ्या थर्मल साइटचं. उष्णता टिपून चित्र दाखवणारी दुर्बीण म्हणा. ही उपकरणं अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात कायद्याखाली येतात, परक्या देशाच्या नागरिकाला ती सहजासहजी हाताळू देत नाहीत. सांगलीला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या मला हे काम मिळालं ते अमेरिकेचं नागरिकत्व घेतल्यावरच. करारात स्वच्छ लिहिलं होतं की शस्त्र बाळगायचं नाही. मग रेंजवर कशाला? तर दुरुस्त केलेली साइट टेबलावर चालते म्हणून भागत नाही. ती रायफलवर चढवून 'झिरो' करावी लागते, आणि त्या वेळी तंत्रज्ञ हजर हवा.

झिरो करणं म्हणजे काय, ते थोडं सांगतो. साइट नळीच्या काही सेंटीमीटर वर बसते. म्हणजे डोळ्याची रेषा वर आणि गोळी खालून निघते. नळी किंचित वर रोखलेली असते, त्यामुळे गोळी चढत जाऊन २५ मीटरवर डोळ्याच्या रेषेला छेदते, तिच्या वर जाते, आणि गुरुत्वाकर्षणाने उतरत उतरत ३०० मीटरच्या आसपास पुन्हा त्याच रेषेवर येते. म्हणून २५ मीटरवरच्या कागदावर नेम जुळवला की ३०० मीटरवरचंही काम बरंचसं होऊन जातं. तीन-तीन गोळ्या झाडायच्या, कागदापर्यंत चालत जायचं, भोकं कुठे पडली ते बघायचं, साइटचा स्क्रू फिरवायचा, परत यायचं. गोळ्या ४ सेंटीमीटरच्या वर्तुळात येईपर्यंत हेच. थर्मल साइटला कागदावरचं काळं चित्र दिसत नाही, तिला उष्णतेतला फरक लागतो. म्हणून थंडीत हात शेकायला ज्या रासायनिक पुड्या मिळतात, त्यातली एक लक्ष्याच्या मधोमध चिकटवतात. पडद्यावर तेवढाच ठिपका उजळ दिसतो.

फेब्रुवारीतली पहाट होती. कुवेत म्हणजे कायम भट्टी असा आपला समज असतो, आणि उन्हाळ्यात तो खराही आहे. त्याच भागातल्या मित्रिबा केंद्रावर जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, ते जगातल्या सर्वाधिक तापमानाच्या विश्वासार्ह नोंदींपैकी एक मानलं जातं. पण हिवाळ्यातल्या पहाटे तिथे दात वाजतात. अंगात सिरॅमिकच्या पाट्या घातलेलं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाड चष्मा, कानात स्पंजचे बोळे. रेंजवरचा लाल झेंडा शमाल वाऱ्यात ताणून उभा.

गोळीबाराआधी सगळ्यांना जमिनीवर बसवून सुरक्षेच्या सूचना दिल्या. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं समजा. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर नको. लक्ष्याच्या पाठीमागे काय आहे ते ओळखा. इतपत मी आधी कुठेकुठे वाचलं होतं. पण त्यानंतर रेंज सेफ्टी ऑफिसर जे बोलला ते मला नवीन होतं. म्हणाला, धोका दिसला तर इथला कोणीही 'सीझ फायर' (गोळीबार थांबवा) ओरडू शकतो. कर्नल, शिपाई, डॉक्टर, ड्रायव्हर. मग आम्हा कंत्राटी लोकांकडे बघून म्हणाला, तुम्हीसुद्धा. ज्याच्या कानावर ते शब्द पडतील त्याने तेच मोठ्याने पुन्हा ओरडायचं आणि बोट ट्रिगरवरून काढायचं. कारण नंतर विचारायचं.

तळावर एरवी आमची जागा काय असते ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. गळ्यातल्या ओळखपत्रावरून तुम्ही कुठे जाऊ शकता आणि कुठे नाही ते ठरतं. बैठकीत विचारलं तर बोलायचं. अशा ठिकाणी साऱ्या फायरिंग लाइनला थांबवण्याचा हक्क माझ्याही हातात आहे, हे ऐकून मी ताठ बसलो.

दोन तुकड्यांच्या साइट जुळवून झाल्या. मग तिथल्या अधिकाऱ्याने, कमांडरची परवानगी असल्याने, आम्हा दोघा तंत्रज्ञांना देखरेखीखाली गोळ्या झाडायची संधी दिली. त्याचं म्हणणं असं की ज्या यंत्रावर तुम्ही काम करता ते वापरणाऱ्याच्या डोळ्याला कसं दिसतं ते तुम्हाला ठाऊक हवं. मला ते पटलं, आजही पटतं.

एम-४ रायफल. रिकामी असताना तीन किलोच्या आत-बाहेर, पण वर साइट चढवल्यावर पुढून जड लागते. शिकवायला एक महिला सार्जंट होती. तिने आधी गोळ्या दिल्याच नाहीत. पालथं झोपवलं, कोपरं कुठे टेकायची ते दाखवलं, आणि रिकाम्या रायफलच्या नळीवर, अगदी टोकाला, एक नाणं ठेवलं. म्हणाली, ट्रिगर दाब, नाणं पडता कामा नये. पडलं. परत ठेवलं, परत पडलं. ती शांतपणे उचलून ठेवत राहिली. गोम अशी की ट्रिगर 'ओढला' की मनगट हलतं. बोटाच्या पेराने सरळ मागे, हळूहळू दाब वाढवत न्यायचा आणि गोळी नेमकी केव्हा सुटेल याचा अंदाज स्वतःलाही येऊ द्यायचा नाही. श्वास सोडला की पुढचा घ्यायच्या आधी शरीर क्षणभर स्थिर असतं, तेवढ्यात दाब पूर्ण करायचा. नाणं जागेवर राहायला लागलं तेव्हा कुठे तिने मॅगझीन हातात दिलं.

टॉवरवरून भोंग्यात आवाज आला, "फायरर्स, सिलेक्टर स्विच सेफवरून सेमीवर घ्या आणि आपापली लेन बघा."

पहिली गोळी. धक्का वाटला होता त्यापेक्षा कमी, आवाज कितीतरी जास्त. कानात बोळे असूनही तो आवाज छातीच्या हाडात जाणवतो. शेजारच्या लेनमधून उडालेली पितळी केस, म्हणजे गोळीचं रिकामं आवरण, माझ्या हेल्मेटवर टणकन आपटली. दारूचा जळका वास नाकात बसला. तीन गोळ्या झाल्या आणि रायफल ठेवून आम्ही कागदापर्यंत गेलो. पेन्सिल आरपार जाईल एवढी तीन भोकं, जरा डावीकडे, पण एकमेकांजवळ. कागदामागच्या वाळूच्या बांधात त्या गोळ्या रुतल्या होत्या. सेकंदाला जवळपास ९०० मीटर वेगाने आलेली वस्तू. ज्या साइटवर मी महिनोन्महिने स्क्रू-ड्रायव्हर चालवत होतो ती कशासाठी आहे, हे मला त्या भोकांसमोर उभं राहून पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं. आनंद वाटला असं म्हणवत नाही. जबाबदारी वाटली.

दुपारच्या आधीची गोष्ट. पुढच्या तुकडीचा उठत्या-पडत्या लक्ष्यांवर ३०० मीटरपर्यंतचा सराव चालू होता. मी लाइनच्या मागे तिवईवर एक साइट लावून तिचा पडदा तपासत होतो. वाळू अजून तापायची होती. भर दुपारी वाळू माणसापेक्षा गरम होते आणि माणूस पडद्यावर उलट थंड दिसतो, पण सकाळी गरम अंग ठळक उठून दिसतं. लक्ष्यांच्या पलीकडच्या उंचवट्याच्या उजव्या अंगाला मला तीन-चार मोठे उजळ आकार हलताना दिसले. उंट. आणि त्यांच्या मागे एक उभा, बारीक आकार.

एम-४ ची गोळी ३०० मीटरवर थांबत नाही, ती जास्तीत जास्त ३,६०० मीटरपर्यंत जाऊ शकते. मी ओरडलो, "सीझ फायर!" शेजारच्याने तेच ओरडलं, त्याच्या पुढच्याने तेच, आणि टॉवरच्या भोंग्यातून ते शब्द येईपर्यंत सगळी लाइन गप्प झाली होती. कोण ओरडलं, त्याची ओळखपट्टी कुठल्या रंगाची, हे कोणी पाहिलं नाही. अधिकारी चालत आला, साइटमधून बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि रेडिओवर रेंज कंट्रोलला कळवलं.

उदैरीवर उंट येणं ही नवलाची गोष्ट नाही, ते वाळवंट बदूंच्या, म्हणजे भटक्या अरब पशुपालकांच्या, चराईचं आहे. गाडी गेली. थोड्या वेळाने रेडिओवर विचारणा झाली, कोणाला हिंदी येतं का. राखणारा माणूस आंध्रातल्या कडप्पाकडचा निघाला. त्याला अरबी कामापुरतं, इंग्रजी नाही. रेडिओवरच मी त्याच्याशी बोललो. उंट पुढे गेले म्हणून मागोमाग आलो, उंट हरवला तर मालक पगारातून कापतो, असं तो सांगत होता. गोळ्यांचा आवाज ऐकू आला नाही का, विचारलं. तर म्हणाला, इथे आवाज रोजचाच आहे.

२००१ च्या १२ मार्चला याच उदैरी रेंजवर सरावाच्या वेळी अमेरिकी नौदलाच्या एफ/ए-१८ विमानाने चुकून निरीक्षण चौकीवर बॉम्ब टाकले. सहा जण गेले, त्यात एक न्यूझीलंडचा अधिकारी होता. जमिनीवरून थांबवण्याचा पुकारा झाला तेव्हा बॉम्ब सुटले होते. तिथले लोक 'थांबा' या शब्दाला इतकं का मानतात, हे मला ती हकिकत कळल्यावर समजलं.

निघताना पुन्हा सगळी तपासणी. प्रत्येक रायफलच्या नळीत सळई घालून आत काही नाही हे बघतात. पितळी केस वेचायच्या, खिसे उलटे करायचे, आणि सार्जंटसमोर उभं राहून सांगायचं की माझ्याकडे ना केस, ना गोळी. मीही खिसे उलटे केले.

काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

रानवारा

एका दमात वाचलं. नाण्याचा भाग फार आवडला. प्रश्न असा: तुम्ही बिगरलष्करी माणूस. रायफल चालवल्याने तुमच्या कायदेशीर स्थितीवर परिणाम होत नाही का? युद्धात पकडले गेलात तर तुम्ही सैनिक की नागरिक?

दूरदेशी_सांगलीकर

रानवारा, चांगला प्रश्न. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात कलम ४ (अ)(४) खास आमच्यासारख्यांसाठी आहे. सैन्यासोबत असलेले पण सैन्याचा भाग नसलेले लोक, म्हणजे पुरवठा करणारे कंत्राटी लोक, युद्धवार्ताहर वगैरे. पकडले गेले तर त्यांना युद्धकैद्याचा दर्जा मिळतो, आणि त्यासाठी सैन्याने त्यांना तसं ओळखपत्र द्यायचं असतं. आमच्याकडे ते कार्ड होतं. पण आपण नागरिकच. नागरिकाचं संरक्षण जातं ते प्रत्यक्ष लढाईत भाग घेतल्यास, आणि घेत असेल तेवढ्या काळापुरतं. रेंजवर कागदाला भोकं पाडणं म्हणजे लढाई नव्हे. मात्र तीच रायफल घेऊन एखाद्या चढाईत गेलो असतो तर चित्र पार बदललं असतं. म्हणूनच शस्त्र बाळगू नका ही करारातली अट मला कधी जाचक वाटली नाही.

माजी_हवालदार

आपल्याकडची पद्धत सांगतो. नाव वेगळं, गाभा तोच. आमच्याकडे लक्ष्यांच्या खाली खंदकात बटपार्टी बसते, फायर झाला की लक्ष्य खाली घेऊन भोकं दाखवते. लाल झेंडा वर असेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. फायर संपला की 'खाली कर', 'जाँच शस्त्र', आणि मग खोके, म्हणजे रिकाम्या केस, मोजायचे. जेवढे राउंड दिले तेवढे खोके परत आले पाहिजेत. एक कमी पडला तर अख्खी प्लाटून गवतात गुडघ्यांवर. रात्र झाली तरी बेहत्तर. नवीन पोरं कुरकुरतात. मी त्यांना सांगायचो, खोका हरवला याचा अर्थ एक राउंड कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही, आणि असा राउंड घेऊन झोप लागते का बघा.

ज्यांनी एनसीसी केलंय त्यांना .२२ डिलक्स रायफल आणि २५ गजांवरचं ग्रुपिंग आठवत असेल. कॅम्पात पाच राउंड मिळाले तरी पोरं महिनाभर त्यावर बोलायची. साहेब, तुमच्या सार्जंटबाईंना माझा सॅल्यूट सांगा. नाणं ठेवून शिकवणारा उस्ताद मिळायला नशीब लागतं.

करवीर_नेमबाज

कोल्हापूरहून लिहितेय. आमच्या खेळात धक्का जवळजवळ नसतो, १० मीटर एअर रायफलला ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. पण ट्रिगरचं तुम्ही जे लिहिलंय ते अक्षरशः तेच. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. त्यानंतर आमच्याकडे रेंजवर मुलांची रीघ लागलीय. पालक येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, गोळ्या कधी झाडायला मिळतील. आधी कित्येक दिवस नुसतं रायफल धरून उभं राहायचं असतं हे त्यांना पटवताना घसा सुकतो. तुमचा नाण्याचा परिच्छेद छापून भिंतीवर लावणार आहे, परवानगी असावी.

एक विचारते. गोळ्या एकत्र पण डावीकडे गेल्या असं लिहिलंत. साइट जुळायची बाकी होती की तुमचा डावा डोळा प्रबळ आहे? दोन्ही हात लांब करून अंगठे-बोटांनी छोटी खिडकी करायची, तिच्यातून दूरचा दिवा बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने दिवा खिडकीतच राहतो तो प्रबळ.

दूरदेशी_सांगलीकर

करवीर_नेमबाज, खुशाल लावा. आत्ता इथे बसून खिडकी करून बघितली, उजवाच आहे. त्या दिवशी साइटच जुळायची होती, स्क्रू फिरवल्यावर गोळ्या मधे आल्या. हवालदारसाहेब, खोक्यांचं वाचून बरं वाटलं. तिथेही वाळूत बोटांनी चाळून केस शोधायच्या.

कर्णवेध

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून कानांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १४० डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाज एकदाच झाला तरी कानाला इजा करू शकतो, आणि रायफलचा आवाज त्याच्या बराच वर असतो. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. ऑडिओग्राममध्ये ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसला की मी पेशंटला विचारतो, कारखाना की बंदूक? उजव्या हाताने रायफल चालवणाऱ्याचा डावा कान जास्त जातो, कारण तो नळीच्या टोकाकडे वळलेला असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो.

स्पंजचे बोळे बहुतेक लोक चुकीचे घालतात. बोळा बोटांनी अगदी बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बाहेरून अर्ध्याहून जास्त दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. दिवाळीत सुतळी बॉम्बशेजारी उभ्या राहणाऱ्या पोरांनाही हे लागू.

दूरदेशी, रेंजनंतर कानात शिट्टी वाजली होती का? अजून वाजते का? वाजत असेल तर तपासून घ्या.

दूरदेशी_सांगलीकर

डॉक्टर, त्या संध्याकाळी वाजली, सकाळपर्यंत गेली. करार संपताना तपासणी झाली, ती ठीक निघाली. सार्जंटने बोळे स्वतः काढून पुन्हा घालायला लावले होते, नेमके तुम्ही सांगता तसेच.

चाकण_शिफ्ट_बी

मी चाकणला प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. 'कोणीही थांबवू शकतो' हे वाचून थांबलो. आमच्याकडे प्रत्येक लाइनला लाल बटण आहे, दोरी आहे, आणि भिंतीवर लिहिलंय की धोका दिसल्यास कोणीही दाबा. पण कंत्राटी हेल्परने दाबलं तर पहिला प्रश्न असतो, कोणी दाबलं आणि किती पीस गेले. दुसऱ्या वेळी तो दाबत नाही. मागे एका पोराची दोन बोटं गेली. शेजारच्याला आधी दिसलं होतं की गार्ड सैल आहे. तो मला म्हणाला, सर, मी कंत्राटी, मी कशी लाइन थांबवणार? तुमच्या रेंजवर कारण नंतर विचारतात. मला जाणून घ्यायचंय की उगाच ओरडलं, धोका नव्हताच, तर काय होतं?

दूरदेशी_सांगलीकर

काही होत नाही. मी असताना एकदा एका ड्रायव्हरने सीझ फायर ओरडलं, कारण त्याला लक्ष्याजवळ माणूस दिसला. तो उडून आलेला ताडपत्रीचा तुकडा होता. अधिकाऱ्याने माईकवरून त्याचे आभार मानले आणि फायर पुन्हा सुरू झाला. सगळ्यांसमोर आभार मानले, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुम्ही शिफ्टच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत हे करून बघा. ज्याने बटण दाबलं त्याचं नाव घेऊन, कंत्राटी असो की कायम, सगळ्यांसमोर. पीसचा हिशेब नंतर कागदावर. त्या मुलाचं वाचून फार वाईट वाटलं.

खाडीकाठ

मी रत्नागिरीचा. कुवेतमधल्याच एका तळावर मेसमध्ये होतो, तुमच्या थोडं आधी. आम्हाला थर्ड कंट्री नॅशनल म्हणायचे, म्हणजे ना अमेरिकी ना कुवेती. रेंज आम्ही फक्त ऐकली. ट्रे लावताना खिडकीच्या काचा थरथरायच्या. सैनिक रायफल घेऊनच जेवायला यायचे. दारात वाळू भरलेलं पिंप असायचं, त्यात नळी धरून रायफल रिकामी आहे याची खात्री करून मग आत. तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे, पण तळावरचे सगळे कंत्राटी एका पंगतीतले नव्हते हेही लिहायला हवं. मला एजंटला भरायला आईचे दागिने गहाण ठेवावे लागले. पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला, तो परत यायला किती विनवण्या केल्या ते मला माहीत. त्या कडप्पाच्या माणसाचं वाचताना मला तो समोर दिसला.

दूरदेशी_सांगलीकर

खाडीकाठ, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. मला वातानुकूलित खोली, अमेरिकी पगार आणि हातात पासपोर्ट होता. तुम्ही वाढलेलं जेवून मी कामाला जायचो. सप्टेंबर २०१२ मध्ये ओबामांनी कार्यकारी आदेश १३६२७ काढला. सरकारी कंत्राटांत कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायला आणि पासपोर्टसारखी कागदपत्रं काढून घ्यायला त्याने बंदी घातली. आदेश निघाल्यावर तळावर भिंतींवर वेगवेगळ्या भाषांत तक्रारीचे फोन नंबर लागलेले मी पाहिले. पण मोठ्या कंपनीखाली छोटी, तिच्याखाली एजंट, अशा उतरंडीत तळाच्या माणसाला फोन करायची भीती वाटते. आताही कोणी गल्फला कामाला निघत असेल तर एजंट नोंदणीकृत आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आधी तपासा. पासपोर्टची प्रत घरी ठेवून जा.

मुक्ता_वि

लेख प्रामाणिक आहे, पण मला एक खुपतंय. युद्ध कंत्राटावर देण्याचीच ही सगळी व्यवस्था. १६ सप्टेंबर २००७ ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी १७ इराकी नागरिक मारले. ज्यांना शिक्षा झाली त्या चौघांना डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली. तिथे कोणी 'सीझ फायर' ओरडलं नसेल का?

दूरदेशी_सांगलीकर

मुक्ता, ओरडलं होतं. खटल्यात साक्षी झाल्या, त्यात ताफ्यातल्याच काही जणांनी गोळीबार थांबवा म्हणून सांगितल्याचं पुढे आलं. म्हणून तुमचा प्रश्न मला आणखी टोचतो. सशस्त्र रक्षकाचं काम कंत्राटावर द्यावं का, यावर माझं उत्तर नाही असं आहे. दुरुस्ती करणाऱ्याने दुरुस्ती करावी, शस्त्र चालवायचा अधिकार आणि त्याचा जाब दोन्ही सैन्याकडे राहावेत. २००८ च्या माँट्रो दस्तावेजात खासगी लष्करी कंपन्यांबाबत देशांच्या जबाबदाऱ्या मांडल्या आहेत, पण तो कायद्याने बांधत नाही. माफीची बातमी आली तेव्हा मी अमेरिकेत होतो. लाज वाटली.

राहुरीकर

आमचं गाव लष्कराच्या के. के. रेंजच्या कडेला. नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांतल्या लोकांना सांगायला नको. रणगाड्यांचा सराव असला की दारं हादरतात. गुरं तिकडे जातात, गुरांमागे माणूस जातो, आणि काही लोक भंगारासाठीही जातात. न फुटलेला गोळा घरी आणून फोडताना माणसं गेलीत. सरावाच्या तारखांची नोटीस येते, पण ती कचेरीच्या भाषेत असते, ज्याने शेळ्या राखायच्या त्याच्यापर्यंत पोचत नाही. तुमचा कडप्पावाला आणि आमचा शेळ्यावाला, अडचण एकच. त्याच्याशी बोलणं झाल्यावर तिथे पुढे काही बदललं का? की गाडी त्याला हाकलून आली आणि संपलं?

दूरदेशी_सांगलीकर

बदललं, थोडंसं. हद्दीवर रंगवलेली पिंपं आणि पाट्या होत्या, पण अरबी आणि इंग्रजीत. उंट राखणारे बहुतेक भारतातले, बांगलादेशातले, सुदानमधले. पाटी बघून त्यांना एवढंच कळायचं की काहीतरी लिहिलंय. रेंज कंट्रोलने माझ्याकडून हिंदी मजकूर लिहून घेतला. मी मोठ्या अक्षरांत तीनच ओळी दिल्या: "आगे गोली चलती है। लाल झंडा दिखे तो मत आओ। ज़मीन पर पड़ी लोहे की चीज़ मत छुओ।" बांगला मजकूर मेसमधल्या एकाने दिला. पण मी त्यांना आग्रहाने सांगितलं की सगळ्यांना वाचता येतं असं धरू नका, चित्र काढा. मग लाल झेंडा, गोळी आणि आडवा हात अशी चित्रं रंगवली.

तुमच्याकडे करायचं झालं तर नोटिशीतल्या तारखा आणि वेळा तेवढ्या काढून बाजाराच्या दिवशी आणि शाळेत मोठ्याने वाचायला लावा, मुलं घरी सांगतात. आणि पाटीवर न फुटलेल्या गोळ्याचं चित्र हवंच, तो गंजल्यावर कसा दिसतो तसं. ग्रामपंचायतीला मजकूर हवा असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, हवालदारसाहेबांकडून तपासून घेऊन रविवारपर्यंत पाठवतो.

माजी_हवालदार

पाठवा, बघतो. गोळ्यांची चित्रं मी काढून देतो.